हात न लावता उघडणारा पडदा

दिवाळी अंकासाठी कामाबद्दल काही लिहा, असा निरोप आला तेव्हा उत्तर द्यायला मी बरेच दिवस लावले. मला लिहायला वेळ लागतो. वाचन भरपूर, लिहिणं कमी. त्यात हे काम माझ्या एकटीचं कधीच नव्हतं. ते अशोकचं, माझ्या नवऱ्याचं होतं, आणि अशोक होळीच्या आधी गेला. त्याच्याबद्दल न लिहिता कामाबद्दल लिहिता येतं का, हे आधी पाहिलं. येत नाही. तरी लिहिते आहे.

आमचं काम म्हणजे खिडक्या-दारांना मच्छरांची जाळी बसवणं. फाटली तर बदलणं, झोळ पडला तर ताणणं, गंजली तर काढून टाकणं. नागपूरला लागून असलेल्या वाडीत, अमरावती रोडच्या आतल्या गल्लीत आमचं छोटं दुकान आहे. समोर ट्रान्सपोर्टची गोदामं. ट्रक मागे घेताना जो धुरळा उडतो तो थेट आमच्या खिडकीवर येतो, त्यामुळे जाळी विकणाऱ्याच्या घरची जाळी गल्लीत सगळ्यात मळकी, अशी आमची ख्याती. अशोक आयटीआय केलेला. चौकटी कापणं, भोकं पाडणं, बसवणं त्याच्याकडे. मी मराठीत एम.ए. केलं, प्राध्यापकाची नोकरी मिळाली नाही आणि घरात शिलाई मशीन होती. कापडी गोट लावलेल्या जाळ्या, चिकटपट्टीच्या जाळ्या, पाळण्यावरच्या जाळ्या माझ्याकडे. माप घ्यायला दोघं जायचो. तो टेप धरायचा, मी आकडा लिहायची. बायकामाणसं त्याला जे सांगत नसत ते मला सांगत.

बाहेरच्यांना वाटतं, जाळी म्हणजे जाळी. तिच्यात काय कळायचं? लोखंडाची जाळी स्वस्त, पण नागपूरच्या एका पावसाळ्यात लाल होते. नायलॉनची गंजत नाही, उन्हाने मात्र कडक होते आणि बोट लागलं की चिरते. स्टीलची टिकते, पण एकदा वाकली की तिची वळी जात नाही. ॲल्युमिनियमच्या चौकटीला आतून खाच असते. त्या खाचेत जाळी रबराच्या दोरीने दाबून बसवायची. दाबताना कोपऱ्यात हात घाई करतो, आणि सगळा बिघाड कोपऱ्यातच होतो. मच्छर जाळीच्या मधून येत नाही. तो कडेने येतो. काम झालं की अशोक संध्याकाळी आतला दिवा लावायला सांगायचा आणि स्वतः बाहेर जाऊन चौकटीभोवती उजेडाची रेघ कुठे दिसते ते पाहायचा. रेघ दिसली की पुन्हा पेचकस.

आमचे हंगाम दोन. होळी आली की लोक खिडकीतली जाळी काढायला बोलावतात, कारण तिथे कूलर बसवायचा असतो. पावसाळा लागला की तीच जाळी परत लावायला बोलावतात. मधल्या काळात ती दिवाणाखाली, माळ्यावर, कधी गाईच्या गोठ्यात. परत येते तेव्हा तिच्यावर उंदीर, पापड आणि पोरांची चित्रकला असते. उन्हाळ्यात एक तक्रार ठरलेली: कूलर नवा आहे, खस नवी आहे, तरी खोली चिकचिक करून राहिली. कूलरवाला येऊन जातो, मोटर बदलून जातो. अशोक समोरच्या भिंतीतली खिडकी पाहायचा. कूलर जितकी हवा आत फेकतो तितकी बाहेर जायला वाट लागते, आणि ती वाट जिथून असते तिथल्या जाळीत दोन वर्षांची धूळ बसलेली असते. जाळी कसली, गोधडीच. ती काढायची, अंगणात आडवी ठेवायची, साबणाच्या पाण्याने मऊ ब्रशने धुवायची, सावलीत वाळवायची. पाइपाचा जोर लावायचा नाही, झोळ पडतो. इतकंच. आम्ही किती घरांना हे सांगितलं असेल! तरी दर उन्हाळ्यात तेच लोक तीच तक्रार घेऊन यायचे. अशोक म्हणायचा, "लोकायले लक्षात राह्यलं असतं तर आपण जेवलो काय असतो?"

जाळी फाडतं कोण, हाही एक अभ्यास आहे. लोक मांजराचं नाव घेतात. मांजर फाडतं, पण खालून. कडीजवळचं भोक माणसाचं असतं. जाळीचं दार आतून लागलेलं असतं, घरातलं कोणी उठत नाही, मग बाहेरचा एकदा बोट घालतो, पुढच्या खेपेला दोन घालतो, आणि मग तिथून सगळ्यांचा हात जायला लागतो. मच्छरांचाही रस्ता तोच.

मानेवाड्याकडे एक बाई होत्या, नव्या जाळीवर फार रागावलेल्या. "तुमची जाळी मच्छर अडवून राहिली का आणून राहिली?" अशोकने सगळ्या कडा तपासल्या, काही सापडेना. शेवटी तो संध्याकाळपर्यंत तिथेच बसला. दिवेलागण झाली, बाईंनी देवाजवळ दिवा लावला आणि पुढचं-मागचं दोन्ही दारं, जाळीसकट, सताड उघडली.

"बाई, हे काहून?"

"यावेळी लक्ष्मी येते ना भाऊ!"

"येते ना. पण तिच्यासंगं बाकीचे बी येऊन राहिले."

"मंग का लक्ष्मीले जाळीतून बोलावू?"

अशोकने पेचकस पिशवीत टाकला. घरी येऊन मला म्हणाला, "तुह्यी एम.ए. काय म्हणते?" मी म्हटलं, काही म्हणत नाही. आमच्या दोघांच्या घरी आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून या गोष्टी नव्हत्या. आम्ही हसलो आणि जेवलो.

अशोक गेला तेव्हा कूलरचा हंगाम तोंडावर होता. त्याचा फोन माझ्याजवळ होता आणि तो वाजत होता. "अशोकभाऊ, जाळी काढायची आहे." मी प्रत्येकाला सांगितलं. काही रडले, एकाने पटकन विचारलं, मग आता जाळी कोण काढणार? मला त्याचा राग आला नाही. तो निदान कामाचं बोलला. उन्हाळा गेला, पावसाळा लागला, तरी दुकान बंदच राहिलं. मशीनवर चादर टाकली होती. मी पुस्तकं वाचली, म्हणजे पानं उलटली.

पोळा झाल्यावर प्रफुलचा फोन आला. प्रफुल ढोबळे, हुडकेश्वरकडे राहतो. त्याचे वडील पोस्टमन होते. आम्ही त्यांना ढोबळेकाका म्हणायचो आणि त्याच्या आईला, गल्लीतल्या सगळ्यांसारखंच, माई. तो म्हणाला, "काकू, तुम्ही जाळ्याचं काम करता ना अजून?"

त्या ‘अजून’वर मी चादर टाकलेल्या मशीनकडे पाहिलं. मग म्हटलं, करते.

"बाबा गेले. परवा." मग एका दमात पुढचं सांगितलं. त्यांच्या घरची रीत अशी की गेलेला माणूस एकदा घरी येऊन जातो, म्हणून तेरवीपर्यंत पुढचं दार लावायचं नाही. दिवसा नाही, रात्रीही नाही. माई दार लावू देत नव्हती. आणि आत त्याची बायको प्रणाली आठव्या महिन्यात पलंगावर होती. गर्भाची वार खाली आहे, म्हणून डॉक्टरांनी उठायलाही मनाई केली होती. बाळंतपणाला सावनेरला आईकडे जायचं ठरलं होतं, आता प्रवास नको म्हणून तेही राहिलं. गल्लीत डेंग्यूचे दोघं दवाखान्यात होते. "दोन खोल्यांचं घर, काकू. मधात दार नाही, नुसता पडदा. तिले ताप आला तर मी काय करू?"

ते घर मला ठाऊक होतं. प्रफुलच्या लग्नाआधी अशोकने तिथे पुढच्या दाराला बाहेरून जाळीचं दार बसवलं होतं. इतकं स्वच्छ काम होतं की पहिल्याच दिवशी ढोबळेकाका त्यावर नाकाने आदळले. नाक बरं झालं, पण दार काही त्यांना पचलं नाही. महिन्याभरात अशोकला बोलावून घेतलं. "काढून टाक गा हे. कोणी भेटायले आलं का आधी जाळीतून तोंड पाहा लागते. मले जेलात भेटायले आल्यासारखं वाटते. जन्मभर मी लोकायच्या दाराशी उभा राह्यलो, आता माह्यं दार उघडं पाहिजे." अशोकने दार काढलं. मन बदललं तर पुन्हा भोकं पाडायला नकोत म्हणून बिजागऱ्या चौकटीतच राहू दिल्या. मन बदललं नाही. ते दार गच्चीवर गेलं आणि त्यावर माईने दोडक्याचा वेल चढवला.

मी गेले तेव्हा दाराच्या दोन्ही फळ्या भिंतीला टेकलेल्या होत्या. कोपऱ्यात दिवा. माई दारासमोर भिंतीला पाठ लावून बसली होती, उंबऱ्याकडे तोंड करून. मधला पडदा वर खोचलेला, म्हणून आतला पलंग दिसत होता. पलंगावर मच्छरदाणी, आणि तिच्यात प्रणाली कुशीवर. डेंग्यूचा मच्छर दिवसा चावतो, म्हणून ती दिवसभर मच्छरदाणीत. पंख्याची हवा आत जेमतेम पोचत होती. लाइट गेली की तीही नाही. ती हाताने कागद हलवत होती.

माईने मला पाहिलं आणि जवळ बोलावलं. अशोकचं तिला कळलं होतं. तिने माझा हात धरून ठेवला. मग म्हणाली, "सुतकाच्या घरचा चहा चालते का वं तुले?"

"चालते माई. आमच्यात नाही पाळत."

प्रफुल म्हणाला, "काकू, गच्चीवरचं तेच दार लावून द्या. बिजागऱ्या आहेतच."

"घरात सुतक आहे," माई म्हणाली. "ठोकाठोकी नाही करायची. अन् ते दार तर नाहीच. त्यायनं काढलेलं दार त्यायच्या तेरवीच्या आत मी लावू?"

मग तिने मागून एक प्लास्टिकची पिशवी ओढली. "हे पाह्य. प्रफुलनं मोबाइलवरून बोलावलं." तयार पडदा होता, मधोमध चुंबकाच्या गोळ्या शिवलेला. आजकाल घरोघरी आहेत. आमच्यासारख्यांच्या पोटावर पाय आहे, पण वस्तू वाईट नाही.

"मंग? चांगला तर आहे."

"चांगला आहे वं. पण हातानं फाकवा लागते. टक टक करून एकेक चुंबक सुटते. अन् त्यायले आता हात कुठं आहेत?"

प्रफुलने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं मी काहीतरी समजुतीचं बोलेन. मी पडदा हातात घेऊन पाहत होते. माईचं म्हणणं समजुतीने सुटणारं नव्हतं, पण ते अगदी स्पष्ट होतं. गिऱ्हाईक सहसा इतकं स्पष्ट सांगत नाही. दार उघडं असलं पाहिजे, मच्छर येता कामा नये, खिळा ठोकायचा नाही, आणि ज्याला हात नाहीत त्याला आत येता आलं पाहिजे.

"आई, बाबा का जाळीनं अडतीन का?" प्रफुल चिडून म्हणाला. "आत्म्याले कायची जाळी?"

"तुले काय माहीत? तू गेला होता का?"

आतून प्रणाली हसली, आणि मग तिने हातातला कागद तोंडावर धरला.

"तू हस वं बाई," माई म्हणाली. "मले का नातवंड नको आहे का? मी दर घंट्याले कडुनिंब जाळून राहिली तिच्यासाठी. तिले ठसका लागते म्हणून मंग तेही बंद केलं. मी काही कुणाचं वाईट नाही चिंतून राहिली. पण ते आले, अन् लागलेलं दार दिसलं, त परत जातीन. त्यायची सवयच होती. दार बंद दिसलं का दुसऱ्यांदा येईन म्हणून निंगून जायचे."

मी माप घेतलं. टेपचं दुसरं टोक प्रफुलने धरलं. चौकट ऑइलपेंटची होती, म्हणजे चिकटपट्टी बसणार होती. चिकटवणं म्हणजे ठोकणं नाही, हे माईने मान्य केलं. मी निघताना तिने विचारलं,

"तुमच्याकडे नाही ठेवत का दार उघडं?"

"नाही, माई."

"मंग? वाट नाही पाहत?"

"आमच्यात मानत नाही तसं. वंदना घेतात, लोक जमतात. माणूस गेला म्हणजे गेला."

तिला माझी कीव येत होती, हे दिसत होतं. "कठीण आहे वं तुमचं," ती म्हणाली.

घरी येऊन मशीनवरची चादर काढली. तेल दिलं. सुई गंजली होती, ती बदलली. नायलॉनची पांढरी, मऊ जाळी होती, अशोकने पाळण्यांसाठी जपून ठेवलेली, ती घेतली. पडद्याचे दोन पदर करायचे, मध्ये एकमेकांवर चढणारे. चुंबक नको, तर ते आपोआप मिटणार कशाने? वजनाने. मासेमारीच्या जाळ्याला लावतात ते शिशाचे बारीक मणी इतवारीच्या बाजारात मिळतात. ते खालच्या गोटात आणि मधल्या उभ्या कडेत ओवायचे.

पण किती? मणी जास्त झाले की पदर जड होतो, ढकलावा लागतो. कमी झाले की वाऱ्याने उडतो आणि उघडाच राहतो. माझ्या शिवणखोलीच्या दारात मी पडदा टांगला आणि समोर टेबलफॅन लावून बसले. एकवर, दोनवर, तीनवर. मणी घालायचे, काढायचे. ज्याच्या येण्यावर आमचा विश्वास नाही अशा माणसासाठी मी दाराचा जडपणा मोजत होते. अशोक असता तर त्याने सरळ विचारलं असतं, "गिऱ्हाइकाचं वजन किती?" मी एकटीच हसले. मग बराच वेळ काम झालं नाही.

एक खंत इथे लिहून टाकते. इतकी वर्षं दोघं बरोबर फिरलो, पण भोकं पाडायचं मशीन मी कधी हातात घेतलं नाही. त्याने शिकवलं नाही, मी विचारलं नाही. ‘ते त्याचं काम’ असं दोघांनी न बोलता ठरवलं होतं. त्या घरात ठोकाठोकी चालत असती तर मला परत यावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता पडदा घेऊन गेले. चौकट पुसून चिकटपट्टी लावली, वर आणि दोन्ही बाजूंनी. पडदा टांगला. पदर मिटले. पांढरी जाळी असल्यामुळे बाहेरचा रस्ता दिसत होता, फक्त दुधात पाहिल्यासारखा.

माई उठली. बाहेर ओट्यावर गेली आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. मग वळली, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि हळूहळू दाराकडे चालत आली. शेजारची बाई कुंपणातून पाहत होती, तिच्याकडे माईने लक्ष दिलं नाही. पडदा तिच्या छातीला लागला, पदर सरकले, ती आत आली, पदर मागे मिटले. ती पुन्हा बाहेर गेली. पुन्हा आली. तिसऱ्यांदा डोळे मिटून आली.

"जड आहे," ती म्हणाली.

"माई, तुम्ही तर आरामात आल्या."

"मी आली. मी माणूस आहे. ते तर आता हलके झाले असतीन."

प्रफुल मला ओट्यावर घेऊन गेला. आवाज खाली करून म्हणाला, "काकू, जडच राहू द्या. काढल्यासारखं करा अन् सांगा का काढले. तिले काय समजते?" त्याचे डोळे लाल होते. त्याचाही बाप गेला होता, पण त्याला रडायला कोणी सवड दिली नव्हती. त्याच्या डोक्यात एकच होतं, मच्छर.

मी आत येऊन उंबऱ्याशी बसले आणि कात्री काढली. खोटं करणं सोपं होतं. पण मग प्रत्येक वेळी पडदा हलला की माईला वाटत राहणार की ते बाहेर अडलेत. आणि खरंच हलका केला तर आत ती पोरगी. एकाच गोटात दोघींचं मागणं होतं. मी खालच्या कोपऱ्यांचे मणी तसेच ठेवले आणि मधल्या उभ्या कडेचे, छातीच्या उंचीपासून वरचे, उसवून काढले. मग वरच्या आणि बाजूच्या चिकटपट्ट्या सोडवल्या, कडेला दुमडून ठेवलेली जादा जाळी उलगडली, दोन्ही पदर मध्ये आणखी वीतभर एकमेकांवर ओढले आणि परत चिकटवले. आता वरचा भाग श्वासाने हलेल असा झाला, पण हलला तरी एक पदर सरकेपर्यंत दुसरा मागे उभाच. जाळी उरकली की वाटतं तसं समाधान मला वाटलं. बरेच महिने वाटलं नव्हतं.

माईने काढलेले मणी माझ्या हातातून घेतले, तळव्यावर तोलून पाहिले. तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना.

"अन् माह्या डोळा लागला असला तर? आले त कळन कसं?"

आतून प्रणालीचा आवाज आला. "आई, मी पाहून राहिली ना. दिवसभर मले दुसरं काय काम आहे? मी दाराकडेच तोंड करून असते. बाबा आले का मी तुमाले आवाज देईन."

माई मच्छरदाणीकडे पाहत राहिली. सून सासऱ्याची राखण करणार होती, पलंगावरून. माईच्या तोंडावर काहीतरी झालं, हसू म्हणता येईल असं. "पदर घे मंग डोक्यावर," ती म्हणाली. "त्यायले आवडत नाही तसं."

"घेतला," प्रणाली म्हणाली. तिने खरंच ओढणी डोक्यावर घेतली होती.

चहा झाला. पाच-साडेपाच झाले असतील. आभाळ भरून आलं होतं, पाऊस पडत नव्हता. आम्ही तिघं बसलो होतो, प्रणाली पलंगावर, मी निघायच्या बेतात हत्यारं पिशवीत भरत होते. रस्त्यावरून वाऱ्याची एक झुळूक आली. पडदा आधी नुसता फुगला. मग वरचा भाग सरकला, एक पदर आत आला, त्याच्यामागून दुसरा, आणि मधून ओटा, फाटक, रस्ता सगळं स्वच्छ दिसलं. मग खालच्या मण्यांनी ओढ घेतली आणि पदर एकावर एक बसले.

मी कामाच्या सवयीने कड नीट बसली का ते पाहिलं. बसली होती. माईने वाटेत पसरलेले पाय हळूच आखडून घेतले.

"आई," आतून प्रणालीने हाक मारली. "आले."

माईने मान हलवली. तिने डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. दिव्यात तेल घातलं. मग प्रफुलकडे वळून अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "उठ गा. दार लाव. मच्छर येऊन राहिले."

प्रफुलला कळलंच नाही. "काय?"

"दार लाव म्हणून राहिली. आले ना ते. आता उघडं कायले ठेवतं?"

तो उठला. दोन्ही फळ्या लोटल्या. इतके दिवस भिंतीला टेकून होत्या म्हणून कुरकुरल्या. कडी लागली. आमच्या धंद्यात कामाची पारख ते किती वर्षं टिकलं यावर होते. माझं हे काम एक संध्याकाळही टिकलं नाही, आणि यापेक्षा चांगलं मी काही शिवलेलं नाही.

आतल्या खोलीत प्रणालीने मच्छरदाणीची कड वर केली, हात बाहेर काढला, मग दुसरा, आणि पंख्याखाली उताणी झाली. "अगं बाई गं," एवढंच म्हणाली.

मी पिशवी उचलली. माई म्हणाली, "तू कुठं चालली?"

"घरी."

"घरी कोण आहे?"

मी पिशवीचे बंद आवळले.

"बस मंग," ती म्हणाली. "दार लागलं आता."

मी बसले.